अकरा चिंध्यांची पेटी

प्रिय मोठ्याबाई,

जयभीम.

तीस वर्षं आपण जावा-जावा, पण तुम्हाला मी एक पत्र लिहिलं नाही. अकोल्यात नोकरीला होते तेव्हा फोनवरच भागायचं. एकदा म्हटलं, पत्र लिहिते, तर तुम्ही म्हणाल्या, "तू बोलते ते बी पुस्तकातलं, लिहिशीन त मले समजाचंच नाई." मग राहिलं ते राहिलंच. आता मात्र समजून घ्या. तिकडे तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे?

आज लिहायचं कारण म्हणजे तुमची पेटी सजली! हो, तीच. परतवाड्याहून तुमच्या भावानं आणून दिलेली सागाची, बिनरंगाची, जिच्यावर घरातल्या सगळ्या गाद्यांची थप्पी असायची. आत्ता ती बैठकीत खिडकीखाली आहे, आणि तुमचे मालक, आमचे दादा, दर अर्ध्या तासानं काही ना काही निमित्त काढून तिच्यासमोरून चक्कर मारून येतात. चष्मा शोधतो म्हणतात. चष्मा डोळ्यांवरच असतो.

पण ती सजवता सजवता माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगायची आहे. तुमच्याच वस्तूंची चूक, दुसऱ्या कोणाला सांगू?

आधी माझी तक्रार ऐका. मी लायब्ररीतून रिटायर होऊन अमरावतीला परत आले तेव्हा आपलं काय ठरलं होतं? तुम्ही मला रुखवताचं काम शिकवणार होत्या. मण्यांचा मोर, लोकरीचे हंस, फुटक्या बांगड्यांचं झुंबर. मोहल्ल्यातल्या कोणत्याही पोरीचं लग्न असो, मांडवात मुलीकडच्यांचा जो टेबल सजायचा, तो तुमच्या हातचा. विहाराच्या गल्लीतल्या आपल्या पोरी असोत की शेजारच्या लताबाईच्या फुलवाडीकडच्या, तुम्ही कधी फरक केला नाही. मी येऊन सहा महिने झाले नाहीत, तर तुम्ही गेल्या! साध्या तापाचं निमित्त. मला अजून मोराची चोच जमत नव्हती. असं अर्ध्यावर टाकून जाते का कोणी?

वर्षभर तुमच्या सामानाला कोणी हात लावला नाही. लावणार तरी कुठे कुठे? मणी बिस्किटाच्या डब्यात, टिकल्या उशीच्या खोळीत, लोकर फ्रिजच्या डोक्यावर, सुया पोह्यांच्या डब्यात. तुम्हाला सगळं बरोबर सापडायचं, आम्हाला पोहेसुद्धा सापडत नव्हते. एक दिवस दादांच्या पायाला मोत्यांची सुई टोचली तेव्हा ते म्हणाले, देऊन टाकू का हे कोणाला तरी? मी म्हटलं, खबरदार! मोठ्याबाईंची पेटी आहे, तिच्यात सगळं नीट लावते, आणि पेटीलाही सजवते.

कारण ते तुमचंच राहिलेलं काम होतं ना. दर दिवाळीत मी आले की विचारायची, बाई, अख्ख्या गावाच्या पोरींचं सजवता, तुमची पेटी मेली अशी उघडीबोडकी का? तुमचं उत्तर ठरलेलं, "सजवीन व कवातरी. पयले या पोरीचं होऊ दे." एका पोरीचं झालं की दुसरी उभीच असायची.

तर मी कंबर कसली. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. पस्तीस वर्षं पुस्तकं लावली, माझ्या हाताला दुसरं येत नाही. सारख्यात सारखं, मोठ्यात मोठं, प्रत्येकावर चिठ्ठी. दादांनी प्लायवूडचे तुकडे कापून पेटीत कप्पे केले. मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन घेतल्या. लाल मणी एकीकडे, हिरवे एकीकडे, काचेचे वेगळे, प्लास्टिकचे वेगळे. लेस गुंडाळून, टिकल्या डब्यांत, सुया नंबरवार. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, मोठ्याबाई असत्या तर तोंडात बोट घातलं असतं.

घातलंच असतं तुम्ही, पण दुसऱ्या कारणानं.

तुमच्या गाद्यांच्या थप्पीमागे एका पिशवीत अकरा पुरचुंड्या होत्या. जुन्या साड्यांचे हातरुमालाएवढे तुकडे, त्यांना गाठ मारलेली, आणि आत काय? दहा-वीस मणी, वीतभर लेस, लोकरीचं एक टोक, दोन-चार टिकल्या. एकावरही नाव नाही. मला वाटलं, उरलंसुरलं बांधून ठेवायची तुमची सवय. मी सगळ्या गाठी सोडल्या. मणी त्या-त्या रंगाच्या बरणीत गेले, लेस लेसमध्ये गेली. चिंध्या राहिल्या अकरा. त्या साबण लावून धुतल्या आणि म्हटलं, पेटी पुसायला कामी येतील.

मग पेटी घासली, तिला पांढरा रंग दिला. पांढरा का? मला स्वच्छ वाटतो म्हणून. दादांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले की दवाखान्यातलं कपाट वाटून राहिलं. मी रागावले, पण खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. एका चिंधीनं मी रंगाचे ओघळ पुसत होते, बाकीच्या दहा दोरीवर वाळत होत्या. एवढ्यात भिंतीपलीकडून लताबाईनं डोकं वर काढलं.

लताबाईचं तुम्हाला काय सांगायचं! सकाळी इतवाऱ्याच्या बाजारात फुलं विकून यायचं आणि दुपारी आपल्या भिंतीवर हनुवटी ठेवून उभं राहायचं, वीस वर्षांचा नेम. तिनं दोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय व शालू, माह्या साडीचा तुकडा तुमच्या दोरीवर काहून वाळून राहिला?"

जांभळी साडी, पिवळे ठिपके. मी म्हटलं, तुमचा कसा? तर ती हसायला लागली. म्हणाली, मोठ्याबाईंनी मागून नेला होता, लेकीच्या, मनीषाच्या लग्नात. आणि मग तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मी हातातली चिंधी बाजूला ठेवली.

बाई, मला का नाही सांगितलं कधी? की ज्या पोरीचं रुखवत, तिच्या आईच्या साडीचा तुकडा तुम्ही मागून आणायच्या. रुखवतातलं जे उरेल ते त्यात बांधून ठेवायच्या, आणि त्या पोरीला पहिलं लेकरू होणार असलं की ती पुरचुंडी सोडून त्याच मण्यांची, त्याच लेसची कुंची शिवायच्या. आईची साडी, पोरीचं रुखवत, लेकराची कुंची. उरल्या होत्या त्या अकरा, कुंची व्हायची राहिलेल्या. मोहल्ल्यातल्या सगळ्या बायांना हे माहीत! अकोल्यात पुस्तकांवर नंबर टाकत बसलेल्या तुमच्या जावेला तेवढं माहीत नाही.

आणि लताबाईनं पुढची गोष्ट सांगितली. मनीषाला सातवा लागला होता. रविवारी डोहाळजेवण, अकोल्याहून ती शुक्रवारी यायची होती, आणि आल्याबरोबर पहिले आपल्या घरी, पुरचुंडी घ्यायला. तुम्ही नाही, तर कुंची तिची आई शिवणार होती. मनीषानं फोनवर तीनदा आठवण केली होती म्हणे. "मोठ्या काकूनं बांधून ठेवलेलंच पाहिजे, बाजारचं नको."

मी काय केलं असेल? खोटं बोलले! म्हटलं, हो हो, आहे ना, धुवायला काढलं होतं, बांधून ठेवते परत. लताबाई समाधानानं खाली उतरली आणि मी आत येऊन बरण्यांसमोर बसले. हिरव्या मण्यांची अख्खी बरणी. त्यात मनीषाचे कोणते? अकरा पोरींचं मी एकात कालवून ठेवलं होतं, वरून चिठ्ठी लावली होती, 'हिरवे, बारीक'. तुम्ही माझ्यासमोर असत्या तर मी तुमचे पाय धरले असते. मला रडू आलं बाई, चांगलं हुंदके देऊन.

दादांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "नावं होतीच ना त्याच्यावर. लुगडं पाह्यलं की माणूस समजते." मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर मी गाठी सोडत होते तेव्हा बोलले का नाही? तर म्हणतात, तू इचारलं काहून नाई! चाळीस वर्षं गाडी चालवली या माणसानं, धारणीच्या घाटात समोरून येणाऱ्याला लांबून हॉर्न द्यायचे, आणि घरात मात्र तोंड उघडत नाहीत. तुम्ही कसा संसार केला, तुम्हालाच ठाऊक.

रात्र कशीतरी काढली आणि सकाळी चहा पिता पिता मला सुचलं. पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं असलं तर आम्ही काय करायचो? दुसरीकडे त्याची नोंद शोधायचो. रुखवताची नोंद कुठे असते? लग्नाच्या अल्बममध्ये! मोर कोणत्या मण्यांचा होता ते फोटोत दिसणारच.

लताबाईकडे गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. माझी मान वर होत नव्हती. ती म्हणाली की तू पोह्याच्या डब्यातून सुया काढल्या हे बी काही कमी नाही, चल आता पोरींना फोन लावू. तिला दोरीवरच्या दहा चिंध्या दाखवल्या, तर एकेक उचलून पटापट सांगायला लागली. ही पोपटी अचलपूरला दिलेल्या रेखाच्या आईची. ही चौकटीची शेवंताबाईची, तिची पोरगी धारणीला मास्तरीण आहे. ही जरीची कोणाची, ते न सांगता कळेल, गल्लीत एकच बाई जरीचं नेसून भाजी घ्यायला जाते. मला जी दहा फडकी दिसत होती ती तिला दहा बाया दिसत होत्या. तिचं शिक्षण चौथी, आणि मी ग्रंथपाल!

शुक्रवारचं मनीषाचं येणं लताबाईनं सांभाळलं. रविवारी सगळ्यांसोबत उघडू, म्हणाली. आणि रविवारी काय सोहळा झाला म्हणून सांगू! डोहाळजेवण लताबाईच्या अंगणात व्हायचं होतं, ते आपल्या बैठकीत झालं. सात पोरी आल्या, कोणी आईला घेऊन, कोणी सासूला. तिघी लांब, त्या मोबाइलवर. प्रत्येकीच्या काखेत अल्बम. मधोमध मनीषा, फुलांची वाडी घालून बसलेली, लताबाईनं पोरीसाठी त्या दिवशी इतवाऱ्यात एक फूल विकलं नाही. तिच्यासमोर ती पांढरी पेटी, आणि सतरंजीवर माझ्या बरण्या उलट्या केलेल्या.

एक अल्बम उघडला की रुखवत बाजूलाच राहायचं. आधी नवऱ्यांच्या मिशा पाहून हसून घ्यायचं. एकीचा नवरदेव तर फोटोत रडतोय असं वाटत होतं, ती म्हणाली, तो अजून तसाच दिसते. मग भिंग लावून मोर पाहायचा, हंस पाहायचा. मनीषाचा मोर सापडला. अंग गर्द हिरवं, डोळा पांढरा, पिसाऱ्यात मधेमधे एक सोनेरी मणी. "सोनेरी माहे! अजून कोणाच्याच मोरात नव्हते," ती ओरडली, आणि पोट सांभाळत खाली वाकून स्वतः निवडायला लागली. लताबाईनं जांभळा तुकडा पसरला आणि त्यात एकेक मणी पडायला लागला. मी मोजले नाहीत. मोजायचे नसतात असं मला वाटलं.

गाठ मारून झाली तेव्हा मनीषानं ती पुरचुंडी पोटाला लावली आणि म्हणाली, मोठ्या काकू, आली बरं का तुमची कुंची घालणारी. पोरगीच होणार, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं आहे. तुम्ही तिकडून काही वशिला असेल तर लावा.

तेवढ्यात रेखा म्हणाली, ही पेटी अशी काय, दवाखान्यासारखी? दादा दाराआडून जोरात हसले. मग कोणाच्या मनात आधी आलं ते आता सांगता येत नाही, पण मनीषानं मारलेली गाठ परत सोडली आणि प्रत्येकीनं आपला तुकडा अर्धा कापला. अर्ध्यात पुरचुंडी बांधली आणि अर्धा पेटीवर चिकटवला. एकेकीचा एकेक कप्पा, आणि कप्प्याच्या वर जिची तिची साडी. डिंकात बोटं बरबटलेली, केसांना टिकल्या चिकटलेल्या, मोबाइलवरच्या तिघी तिकडून ओरडून राहिल्या की माहा तुकडा वाकडा लावू नका. त्यावर बांगड्यांचे तुकडे, आरशाची भिंगं, झालर. जांभळं, पोपटी, चौकटीचं, जरीचं. बाई, तुमच्या आयुष्यात तुम्ही इतकं भडक काही केलं नसतं, पण तुम्हाला आवडलं असतं. पांढरं कुठे दिसत नाही आता. माझ्या छापील चिठ्ठ्या मीच काढून टाकल्या.

दहा झाल्या, आणि अकरावा तुकडा राहिला.

तो मी रंग पुसायला घेतला होता तोच. पांढऱ्या रंगानं कडक झालेला, चोळामोळा. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला, कोणाला ओळखू येईना. लताबाईसुद्धा म्हणाली, ही साडी या गल्लीतली नाही. मी म्हटलं, द्या, मी गरम पाण्यात टाकून पाहते, आणि मोरीत जाऊन नखानं रंग खरवडायला लागले. आतून निळा काठ निघाला. आणि काठाच्या कोपऱ्यात एक रफू, काळ्या दोऱ्याचं. निळ्यावर काळं.

निळा दोरा आणायला दुकानात कोण जाते, असं म्हणणारी बाई मला एकच माहीत होती. माझी आई.

मोठ्याबाई, मी मोरीतच खाली बसले. माझ्या लग्नात रुखवत नव्हतं. माझे वडील मास्तर, दिखावा नको म्हणाले. विहारात पांढरी साडी नेसून पंचशील घेतलं, गोड जेवण झालं, संपलं. आणि मलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू! लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, या कागदाच्या बोळ्यांनी कोणाचा संसार होतो का? तुम्ही फक्त हसल्या होत्या. मग माझी पुरचुंडी कशी काय?

दादा दारात उभे होते. मी तुकडा दाखवला. ते म्हणाले, "तुया बाबानं नाई म्हटलं, त ही चोरून तुया मायकडे गेली होती. म्हणे, पोरगी आपल्या घरी बिनरुखवताची काहून येईन? दाराचं तोरण तिनं तुयासाठी केलं होतं."

निळ्या मण्यांचं तोरण! घराला रंग देताना उतरवलं आणि हातातच गळून गेलं ते. मला वाटायचं, ते या घरात पहिल्यापासूनच आहे. मी त्याच्याखालून या घरात आले, बाळंत होऊन चिनूला घेऊन आले, रिटायर होऊन आले, आणि एकदाही मान वर करून विचारलं नाही की हे कोणी केलं.

आणि चिनूच्या वेळी तुम्ही म्हणाल्या होत्या, कुंची शिवू का? मी काय म्हटलं होतं? मणी टोचतात बाळाला, मी दुकानातली टोपी आणली आहे. तुम्ही "बरं" म्हणून आत गेल्या. ती पुरचुंडी घेऊनच आल्या असतील तुम्ही तेव्हा, पदराखाली. आणि परत नेऊन ठेवली. तुम्ही एकदा तरी सुनवायचं ना मला! एवढं गप्प बसायचं दादांकडून शिकल्या का?

रडले, पण लगेच हसायलाही आलं, कारण बाहेरून लताबाई विचारत होती, मोरीत कोणाची चिंधी सापडली का कोण वाहून गेलं? मी बाहेर आले आणि म्हटलं, माझी आहे. मग सगळ्यांनी मिळून निळ्या बरणीतले मणी निवडले. माझ्याकडे अल्बममध्ये रुखवताचा फोटो नव्हता, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा एक आहे, उंबऱ्यात उभी असलेली मी, आणि डोक्यावर ते तोरण. मनीषानं मोबाइलनं मोठं करून पाहिलं आणि सांगितलं, काचेचे आहेत, प्लास्टिकचे नाहीत.

माझा तुकडा पेटीच्या झाकणाला आतून लावला आहे. रंगाचे डाग तसेच ठेवले. झाकण उघडलं की पहिले आई दिसते, मग बाकीच्या.

आता ऐका, मी काय ठरवलं आहे. मनीषाची कुंची मी आणि लताबाई मिळून शिवतो आहोत. टाके माझे वाकडे येतात, लताबाई उसवते, मी परत घालते. निळ्या मण्यांची दुसरीही कापून ठेवली आहे, चिनूची. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, त्याला बसणार नाही, पण त्याच्या लेकराला बसेल. हिवाळ्यात त्याचं लग्न आहे, अकोल्याची पोरगी. दोघंही म्हणतात साधंच करू, काही नको. चिनूच्या अंगात आजोबांचं रक्त! मी हो म्हटलं आहे. पण पुढच्या आठवड्यात मी एकटी अकोल्याला जाणार आहे, कोणाला न सांगता, तिच्या आईकडे. नेसून जुन्या झालेल्या साडीचा एक तुकडा मागायला. वचन देते बाई, आपल्या घरी पोरगी बिनरुखवताची येणार नाही. मोराची चोच तोपर्यंत जमलीच पाहिजे मला.

आणि एक कप्पा रिकामा आहे. त्यावर तुमच्या हिरव्या पातळाचा तुकडा लावते. तुमचं रुखवत कोणी केलं होतं, ते मी आज दादांना विचारणार आहे.

तुमचीच,
शालू